रिकाम्या शेडचा आवाज

सकाळी आमच्या गल्लीतून भंगारवाल्याचा टेम्पो जातो. ‘जुनं लोखंड, जुना पंखा, बिघडलेला मिक्सर, वॉशिंग मशीन’ असं स्पीकरवर ओरडत जातो आणि शेजारणींच्या कपाळाला आठ्या पडतात. माझ्या पडत नाहीत, कारण तो आवाज मीच रेकॉर्ड केलाय. त्याच्या मागून येणारा कांदे-बटाटेवालाही माझाच. त्याला मी सांगितलं होतं, ‘बटाटे’वर एवढा जोर देऊ नकोस, लोकांना भांडण वाटतं. त्याने ऐकलं, आणि धंदा वाढला म्हणतो. खरं-खोटं त्यालाच माहीत.

तर चिंचवडात माझा रेकॉर्डिंगचा स्टुडिओ आहे. स्टुडिओ म्हणजे तळमजल्यावरच्या दोन खोल्या. आमचे हे मंडप-स्पीकरचा धंदा करायचे. हे स्टेज बांधायला वर चढले की खाली मशीनपाशी कुणीतरी बसायला हवं, म्हणून मी बसू लागले. शिकवलं कुणी नाही. चुकलं की स्पीकर शिट्टी मारायचा, सगळा मांडव कानावर हात ठेवायचा, आणि मला कळायचं की हे बटण एवढं फिरवायचं नसतं. पुढे भजनाच्या कॅसेटी केल्या, मग सीडी, मग मुलीने कॉम्प्युटर आणून दिला. आता हे नाहीत, मांडवही विकला, पण स्टुडिओ चालू आहे. लोक भिंतींना अंड्यांचे ट्रे लावतात, त्याने फक्त झुरळं येतात. मी गोधड्या टांगल्यात. आवाज गोधडीत शिरला की परत येत नाही, हे मी घरातल्या पोरांना झोपवताना शिकलेय.

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची. देहूरोडचे एक निवृत्त काका आले होते, त्यांना फक्त ‘ऊठ’ एवढा शब्द रेकॉर्ड करून हवा होता. नातू हॉस्टेलला, गजराने उठत नाही. प्रेमाने ऊठ, रागाने ऊठ, शेवटचं सांगतो ऊठ, अशी सकाळभर उठवाउठवी चालली. वरच्या मजल्यावरची सूनबाई खाली येऊन विचारून गेली की काकू, कोण झोपलंय.

माझी एक सवय आहे, ती आधी सांगते, कारण पुढे तिच्यावाचून काही कळणार नाही. कुठेही रेकॉर्डिंग झालं की मी सगळ्यांना बाहेर घालवते आणि त्या रिकाम्या जागेचा आवाज घेते. लोक हसतात. पण रिकामी जागा गप्प नसते. देवळाचं एक घुमणं असतं, शाळेच्या हॉलचं वेगळं, आणि पत्र्याच्या शेडचं तर ऐकताच अंगावर येतं. गाण्यातला एखादा खोकला कापला तर तिथे भोक पडतं. ते बुजवायला त्याच जागेची शांतता लागते, जसं साडीला रफू करायला त्याच साडीचा धागा लागतो. दुसरीकडची शांतता लावली की लगेच कळतं.

गेल्या वर्षी पावसाळा सरता सरता चौघेजण एका गुरुवारी माझ्याकडे आले. गुरुवारी इकडे कंपन्यांना सुट्टी, म्हणून माझ्याकडे गर्दी त्याच दिवशी. त्यांचा बँड होता, नाव ‘गंज’, आणि त्यांना हार्ड रॉकचा अल्बम करायचा होता. मराठीतून. दत्ता गायचा, तो परभणीकडचा, कुरुळीत पत्रा ठोकून वॉशर काढणाऱ्या एका प्रेस शॉपमध्ये कामाला. सोपान ड्रम वाजवायचा, तो कुरुळीचाच, जुन्या घरातला, आणि ज्या शेडमध्ये ते प्रॅक्टिस करायचे ती त्याच्या वडिलांची. निखिल गिटारवाला, आयटीत, मारुंजीत भाड्याने राहणारा, सगळं सामान त्याचं. आणि बेस वाजवणारा जोसेफ. तो बोलत नसे, पण चहाचे कप तोच गोळा करून विसळायचा, त्यामुळे माझा सगळ्यांत लाडका.

पहिलं गाणं ऐकून मी विचारलं, एवढं ओरडता कशाला रे? सोपान म्हणाला, “काकू, कंपनीत दिसभर ओरडलेलं कुणी ऐकत न्हाई, म्हणून.” आणि निखिलने समजावलं की भजनीबुवांचा वरचा सूर जिथे संपतो तिथून आमचं सुरू होतं. मी म्हटलं, बुवांना सांगू नकोस, ते रोज सराव करतात.

त्या दिवशी सगळे निघाले तरी दत्ता मागे रेंगाळला. मला वाटलं, काहीतरी विसरला असेल. तो गळ्याला हात लावून म्हणाला, “हितं गाठ हाय, काकू. दिवाळीनंतर ऑपरेशन हाय. डॉक्टर म्हणायलेत, घाबरायचं काही नाही, पण आवाज कसा निघंल ते आत्ताच सांगता येत नाही.”

मी म्हटलं, मग गाऊ नकोस.

“त्याच्या आधी एकदा सगळं गाऊन ठेवावं म्हणलं. बाकीच्यांना सांगू नका लगेच.”

मी सरळ सांगितलं, लपवाछपवीत मी काम करणार नाही, आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय माइक लावणार नाही. दोन दिवसांनी त्याच्या बायकोचा, सविताचा फोन आला. डॉक्टरांनी परवानगी दिली होती, पण हात राखून. थोडं गायचं, मधे पूर्ण विश्रांती, दुखलं की थांबायचं. फोन ठेवताना ती म्हणाली, “ते थांबणार नाहीत काकू. थांबवायचं तुम्हालाच.” पुढच्या गुरुवारी दत्ताने बाकीच्या तिघांनाही सांगून टाकलं. निखिल बराच वेळ गिटारच्या तारा पुसत बसला.

 आजवर कुणी चुकलं तर मी म्हणायची, हरकत नाही, पुन्हा घेऊ. पुन्हा घेणं हाच तर आमचा धंदा. आता प्रत्येक ‘पुन्हा’ दत्ताच्या घशातून वजा होत होता. आणि त्याला अर्ध्या आवाजात गाताच येत नसे. गाणं सुरू झालं की मानेच्या शिरा वर.

आणि नेमकं गाणं जमेना. सुरुवात झकास व्हायची, दुसऱ्या कडव्याला ड्रम ढेपाळायचा. गाणं उतारावर ब्रेक लावलेल्या एसटीसारखं व्हायचं. निखिलने सोपानच्या कानात ताल धरून देणारा मेट्रोनोम दिला, टकटक टकटक. त्याने आणखीच बिघडलं. सोपान घामाघूम. म्हणाला, शेडमध्ये असं होत न्हाई, तुमच्या गोधड्यांत जीव घुसमटतो. निखिल म्हणाला, भावा, गोधड्यांना दोष देऊ नकोस. दोघांची जुंपली. तोवर दत्ता तीनदा पूर्ण गाऊन बसला होता आणि आता गरम पाणी घोट घोट पीत जमिनीकडे बघत होता. मी मशीन बंद केलं. घरी जा म्हटलं.

दोन गुरुवार असे वाया गेले. मला झोप लागेना. दोष माझ्या खोलीचा की माझ्या कानांचा? वय झालं की वरचे बारीक सूर ऐकू येत नाहीत, हे मला ठाऊक होतं. कुकरची शिट्टी ऐकू येते म्हणून स्वतःची समजूत घालत होते. शेवटी ठरवलं, यांची प्रॅक्टिस बघून येऊ. एका संध्याकाळी कुरुळीला गेले.

शेड म्हणजे मधे पत्र्याची भिंत. अलीकडच्या अर्ध्यात सोपानच्या वडिलांचं सामान, ड्रम आणि हे चौघे. पलीकडे भाड्याने दिलेला प्रेस शॉप, दत्ता कामाला होता तोच. सोपान ड्रमला नमस्कार करून बसतो, म्हणून मीही चपला काढल्या आणि उलट्या क्रेटवर बसले. गाणं सुरू झालं. दुसरं कडवं आलं, गेलं, काही ढेपाळलं नाही. मी चकित. तिसरं सुरू झालं आणि माझ्या तळपायांना काहीतरी जाणवलं. धप्प. धप्प. धप्प. पलीकडचा प्रेस. मोठ्या रिळासारखी पत्र्याची कॉइल एका बाजूने आत जात होती, दर ठोक्याला दुसऱ्या बाजूने वॉशर पडत होते, आणि ठोका जमिनीतून येत होता, अगदी सोपानच्या पायाखाली. त्याचा पाय त्या ठोक्यावर पडत होता.

मी पत्र्याच्या भिंतीला वळसा घालून पलीकडे गेले. प्रेसवर बब्रूमामा होते, धाराशिवकडचे, पिकलेल्या मिशांचे. त्यांना म्हटलं, मामा, जरा दोन मिनिटं बंद करता का? त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांचा श्वास मागितला. तरी बंद केलं. आणि पत्र्यापलीकडे गाणं हळूहळू ढेपाळत गेलं.

परत येऊन सांगितलं तर सोपान ऐकेना. “न्हाई काकू, आमी त्यो आवाज ऐकतच न्हाई. लहानपणापासून हाय त्यो.” जोसेफ पहिल्यांदा मोठ्याने हसला. निखिल डोकं धरून म्हणाला, सोपानराव, तुमचा मेट्रोनोम दोनशे टनांचा आहे.

मग मार्ग सोपा होता. मी नुसत्या प्रेसचा आवाज रेकॉर्ड करून आणला आणि स्टुडिओत तो सोपानच्या हेडफोनमध्ये सोडला. त्याचे खांदे लगेच खाली आले, घरी आल्यासारखे. दोन गुरुवारांत चार गाणी झाली, दत्ताने प्रत्येक एकदा-दोनदाच गायलं. पण तीन गाणी उरली होती, सगळ्यांत चढी, आणि ती माझ्या खोलीत दत्ताच्या तोंडून निघेनात. समोर माणसं लागतात म्हणाला. गोधड्यांकडे बघून काय ओरडणार. तेव्हा ठरलं की तीन गाणी शेडमध्येच घ्यायची, लोकांसमोर, प्रेस चालू ठेवून. अर्धा अल्बम स्टुडिओतला, अर्धा लाइव्ह.

त्या दिवशीची धाकधूक काय सांगू. शेडची अर्थिंग कच्ची, स्पीकरमधून मधमाश्यांसारखी घूं ऐकू येत होती. मांडवाच्या दिवसांत हे करायचे तसं मी अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ घालून पाण्याच्या बादल्या ओतवल्या, तेव्हा ती दबली. पहिली शिफ्ट सुटलेली माणसं गणवेशातच शटरपाशी उभी राहिली. सविता लेकीला घेऊन पुढे बसली, तिची नजर गाण्याकडे नाही, दत्ताच्या मानेकडे. बब्रूमामांनी नवी कॉइल चढवली होती, तिन्ही गाण्यांना पुरून उरेल म्हणाले.

पहिलं झालं. अंगावर काटा आला, आणि मी रॉक ऐकून शहारणारी बाई नव्हे. दुसऱ्यात निखिलची तार तुटली, ते पुन्हा घ्यावं लागलं. मग शेवटचं. ‘परत फोन करतो’ असं त्या गाण्याचं नाव, दत्तानेच लिहिलेलं. कंपनीत लाइनवर उभ्या माणसाला गावाकडून आईचा फोन येतो, आणि तो दर कडव्याला म्हणतो, ठेवतो आई, मशीन चालू आहे. शेवटच्या कडव्यात तो स्वतः फोन लावतो. तिथली ओळ दत्ता सगळ्यांत वरच्या सुरात फेकायचा.

शेवटच्या कडव्याच्या तोंडाशी पायाखालचा ठोका थांबला. कॉइल संपली होती. तारेच्या घोळात जेवढं गाणं दोनदा वाजलं, तेवढी ती कमी पडली. सोपान चाचपडला, ड्रम मागे राहिला. दत्ता तरी चढला, आणि वर पोचायच्या आत आवाज फाटला. नुसती हवा आली. त्याने माइकपासून तोंड वळवलं. शटरपाशी कुणी टाळी वाजवली नाही. सविता उठून उभी राहिली होती.

दत्ताने माझ्याकडे बघून एक बोट वर केलं. एकदा अजून. मी मान हलवली, नाही. त्याने पुन्हा बोट वर केलं. मी उठले आणि त्याच्या माइकची वायर काढली. तो माझ्यावर रागावला, आणि सहा गाणी हातात असताना सातवं तसंच तुटकं राहिलं. सगळे बाहेर गेले. मी सवयीप्रमाणे मशीन चालू ठेवलं आणि रिकाम्या शेडचा आवाज घेत बसले. मन थाऱ्यावर नव्हतं, म्हणून नेहमीपेक्षा बराच जास्त वेळ चालू राहिलं.

ऑपरेशन झालं. गाठ साधी निघाली, तेवढा जीव भांड्यात पडला. पण बोलायची सक्त मनाई. दत्ता खुणा करायचा, लेक त्याचं भाषांतर करायची आणि मधे स्वतःच्या मागण्या घुसडायची.

इकडे मी मिक्सिंगला बसले. मिक्सिंग म्हणजे काय असं लोक विचारतात. पंगत वाढण्यासारखं आहे ते. मिठापासून भातापर्यंत सगळं पानात हवं, पण एकाने दुसऱ्याची जागा खायची नाही. इथे पंचाईत अशी की चार गाणी माझ्या कोरड्या खोलीतली आणि तीन त्या गाजणाऱ्या शेडमधली. एकापाठोपाठ लावली की ऐकणारा दचकतो, घरातून एकदम रस्त्यावर ढकलल्यासारखा. मी स्टुडिओतल्या गाण्यांखाली रिकाम्या शेडचा आवाज अगदी थोडा पसरला. कुणाला ऐकू येत नाही, पण जागा एकच वाटते.

राहिलं ते शेवटचं कडवं. एक दिवस निखिल लॅपटॉप घेऊन आला, कधी नव्हे तो चाचरत बोलत होता. हल्ली कॉम्प्युटरला एखाद्याची गाणी ऐकवली की तो त्याच्या आवाजात न गायलेलंही गातो. निखिलने ते कडवं तसं बनवून आणलं होतं. त्याने लावलं. दत्ताच होता. तोच चढ, तोच खरखरता काठ. मी डोळे मिटून ऐकलं, हेडफोन लावून ऐकलं, आणि मला काही फरक सापडला नाही.  इतकी वर्षं कानांवर पोट भरलं, आणि आता माणूस कोणता हेच कळेना.

निखिलही खूश नव्हता. म्हणाला, काकू, तो परत वर गाऊ शकला नाही तर निदान अल्बम तरी पुरा होईल. त्याचं मैत्र मला दिसत होतं, त्याला काय बोलणार? मी म्हटलं, दत्ताला विचारल्याशिवाय नाही.

बोलायची परवानगी मिळाली, मग काही दिवसांनी हलकं गुणगुणायचीही, तेव्हा दत्ता आला. सवितासोबत. दारातून “काकू” म्हणाला आणि मी हातातलं काम तसंच धरून राहिले. आवाज खालचा झाला होता, जाडसर, कडेला थोडी हवा. तो खुर्चीत बसला आणि म्हणाला, “घरचे समदे म्हणायलेत, पहिल्यासारखाच हाय. तुम्ही खरं सांगा.”

सविता खिडकीबाहेर बघत होती. मी म्हटलं, पहिल्यासारखा नाही. वरचं पुन्हा येईल का ते डॉक्टर सांगतील, मला कळत नाही. पण खाली जे आहे ते आधी नव्हतं.

 मग मी निखिलचं कडवं लावलं. त्याने ते तीनदा ऐकलं. तिसऱ्यांदा ऐकताना किंचित हसला.

“त्यो माझ्यापेक्षा चांगलं गायलाय, काकू.”

“मग ठेवायचं का?”

“त्याला कुठं फोन लावायचाय आईला? मी हाय की अजून.”

डॉक्टरांना सविताने तिथूनच फोन केला. जोर न लावता, बसल्या जागी, थोडं, असं उत्तर आलं. मी त्याच्यापुढे माइक ठेवला, इतका जवळ की त्याला आवाज टाकावा लागू नये. ड्रम नाही, गिटार नाही. तो बोलतो तशाच सुरात गायला, एकदाच. ‘आई, आता बोल, मशीन बंद आहे.’ ही ओळ मी आधी चार-सहा वेळा ऐकली होती, पण ती चढाच्या आरोळीत जायची, शब्द कधी कानात शिरले नव्हते. माझ्या डोक्यात तेव्हाही बेत हाच होता की ह्या कडव्याखाली प्रेसचा ठोका पुन्हा जोडायचा, म्हणजे तुटलेलं दिसणार नाही. तो बेत मी सोडला.

निखिल ऐकायला आला, तेव्हा खुर्चीच्या मागे उभा राहिला आणि ऐकून झाल्यावर लॅपटॉपमधलं ते दुसरं कडवं त्याने माझ्यासमोर पुसून टाकलं. मी सांगितलं नव्हतं.

कडवं शेडच्या गाण्याला जोडायचं तर त्याखाली रिकामी शेड हवी, म्हणून त्या दिवशीचं लांबलेलं रेकॉर्डिंग पहिल्यांदाच शेवटपर्यंत ऐकलं. पत्रा तापून वाजतोय, लांब रस्त्यावर ट्रक, कुणाची तरी चप्पल. आणि अगदी शेवटी, मी मशीन बंद करायच्या थोडं आधी, काहीतरी होतं. तेही मी ठेवलं.

अल्बम पुरा झाला तेव्हा तो पहिल्यांदा शेडमध्येच लावायचा असं सोपान म्हणाला. प्रेसला सुट्टी म्हणून गुरुवारची सकाळ धरली. बब्रूमामा मुद्दाम आले, इस्त्रीचा सदरा घालून. एका गाण्यात मधेच म्हणाले, हा माझा ठोका, आणि मग प्रत्येक गाण्यात म्हणत राहिले. माझं लक्ष कशातच नव्हतं. मी दत्ताकडे बघत होते, आणि तो जमिनीकडे.

शेवटचं गाणं आलं. ठोका थांबला, ड्रम थांबला. बब्रूमामा खाली मान घालून पुटपुटले, “हितं कॉइल संपली बघा.” त्यानंतर त्या मोकळ्या शांततेत दत्ताचा नवा आवाज आला, खालून, आईशी बोलणारा. सविताची लेक आईच्या कुशीत शिरून ऐकत होती. कडवं संपलं. रिकामी शेड थोडा वेळ नुसती वाजत राहिली. निखिल बंद करायला उठला, मी हाताने थांबवलं.

मग स्पीकरमधून एक ठोका आला. धप्प. थोडं थांबून दुसरा. मग लागले रांगेने.

सोपानचा पाय जमिनीवर पडू लागला होता, त्याच्या नकळत. बब्रूमामांनी मान वर केली.

“चढवली बघा नवी,” ते म्हणाले.